बावन्न हिरवे दिवस

“मॅडम, ठोंबरे सर म्हणाले होते की तुम्हाला सांगायचं नाही. पण उद्या शेवटची तारीख आहे.”

दहावीतली रोशनी मडावी मुख्याध्यापकांच्या खोलीच्या दारात उभी होती. मधली सुट्टी संपायला पाच मिनिटं होती. पिंपळझरीच्या माध्यमिक शाळेची मुख्याध्यापिका हेमलता निंभोरकर पोषण आहाराच्या नोंदवहीत सही करत होती. पेन अर्ध्या सहीवर थांबलं.

“कशाची शेवटची तारीख?”

“बोर्डाच्या फॉर्मची. आमच्या अकरा जणांचे परत आले ना. तीन आठवडे झाले.”

टेबलाच्या कोपऱ्यातला दिवा हिरव्याचा पिवळा झाला. रोशनीनं तो पाहिला आणि एक पाऊल मागं घेतलं. “जाऊ का मी?”

“नाही. आत ये. बस.”

दिवा जोडलेला होता तो हेमलताच्या मनगटाला. मनगटाच्या आतल्या बाजूला रुपयाच्या नाण्याएवढी एक पातळ चकती चिकटवलेली होती. शिक्षण विभागानं तिला लांबलचक नाव दिलं होतं. शाळांमध्ये तिला टिकली म्हणत. मिशीवाले मुख्याध्यापकसुद्धा “आज टिकली लावायची राहिली” असं सरळ चेहऱ्यानं म्हणत आणि आता कोणाला त्याचं हसू येत नसे.

टिकली दोन गोष्टी मोजायची. पहिली, घामातलं कॉर्टिसॉल. शरीराला धोका जाणवला की मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी हे संप्रेरक रक्तात सोडतात आणि त्याचा अंश घामात उतरतो. दुसरी, हृदयाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर. निवांत माणसाचे ठोके घड्याळासारखे पडत नाहीत; श्वास आत घेताना ते किंचित जवळ येतात, सोडताना लांब जातात. ताण वाढला की हा सैलपणा नाहीसा होतो. दोन्ही मापांवरून दर मिनिटाला शून्य ते शंभरमधला एक आकडा निघायचा. साठपर्यंत हिरवा, पंच्याऐंशीपर्यंत पिवळा, त्यापुढं लाल.

पण एकच प्रसंग दोन माणसांना सारखा झोंबत नाही. म्हणून टिकली देण्याआधी प्रत्येक मुख्याध्यापकाकडून दोनशे चाळीस प्रश्नांची उत्तरं घेतली जात. त्यावरून स्वभावाची पाच अंगं मोजली जात आणि ज्याच्या त्याच्या स्वभावाप्रमाणं पट्टी बसवली जाई. हेमलताचा काटेकोरपणा शंभरात चौऱ्याण्णव आला होता आणि चिंताशीलता एक्क्याऐंशी. अहवालात लिहिलं होतं, ‘जबाबदारी उत्तम पेलतील, स्वतःला जपणार नाहीत.’ तिनं ते नवऱ्याला वाचून दाखवलं तेव्हा प्रभाकर म्हणाला होता, “एवढं सांगायला मशीन कशाला पाहिजे? मला विचारायचं.”

टिकलीनं भलं केलं नव्हतं असं नाही. ती आल्यापासून तीन वर्षांत जिल्ह्यात खुर्चीतच कोसळलेले मुख्याध्यापक कमी झाले होते. आयुष्यात पहिल्यांदा वरून कोणीतरी त्यांना ‘तुम्ही कसे आहात’ असं विचारत होतं. मात्र सोबत दोन नियम आले. लाल झाला की मुख्याध्यापकाची डिजिटल सही बंद, आकडा परत साठच्या खाली येईपर्यंत. कारण त्या अवस्थेत घेतलेले निर्णय बहुधा चुकतात. आणि एका तिमाहीत तीन वेळा लाल झाला की विश्रांती आदेश. सहा महिने पदावरून दूर, तालुक्याच्या साधन केंद्रात हलकं काम.

हेमलताचे दोन लाल सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात होऊन गेले होते. त्यानंतर अधूनमधून पिवळा, आणि मग सलग बावन्न दिवस हिरवा. सप्टेंबर ते नोव्हेंबर ही तिमाही संपायला एक दिवस उरला होता. आपण आता स्वतःला सांभाळायला शिकलो, असं तिला वाटत होतं.

तिनं पर्यवेक्षक ठोंबरे सरांना आणि कार्यालयातल्या इंगळे बाबूंना बोलावलं. ठोंबरे सर छप्पन्न वर्षांचे, शाळेतले सर्वांत जुने शिक्षक. ते आत आले, रोशनीला पाहिलं आणि दाराच्या चौकटीला हात टेकून उभे राहिले.

“सांगितलंस तू,” ते रोशनीला म्हणाले. रागानं नाही, थकून.

“बरं केलं तिनं,” हेमलता म्हणाली. “अकरा फॉर्म का परत आले?”

उत्तर इंगळे बाबूंनी दिलं. पलीकडच्या वाढोण्याची शाळा बंद होऊन तिथली अकरा मुलं गेल्या जूनमध्ये इकडं आली. त्यांचे नववीचे गुण संगणकावर चढवायचे राहूनच गेले होते. गुणांशिवाय दहावीचा अर्ज पुढं सरकत नव्हता. जुन्या निकालाच्या वह्या पाहून, प्रत्येक मुलासाठी वेगळं प्रमाणपत्र मुख्याध्यापकानं स्वतः सही करून द्यायचं, एवढाच मार्ग होता. चूक निघाली तर जबाबदारी सही करणाऱ्याची.

“मग वह्या माझ्यासमोर का नाही आल्या?”

इंगळे बाबूंनी ठोंबरे सरांकडं पाहिलं.

“इंगळे बाबू, मी तुम्हाला विचारते आहे.”

“आता काय सांगू मॅडम,” इंगळे बाबू कानामागं खाजवत म्हणाले. “स्टाफरूममध्ये ठरलं होतं. तुमचे दोन लाल झालेले. तिसरा झाला की तुम्ही गेल्या. मग वरून येणार कोण? मागच्या वेळी आलेले ते गृहस्थ आठवतात ना? बाप्पा! शाळेत यायचे ते डबा खायलाच. म्हणून म्हटलं, वाईट बातमी आधी ठोंबरे सरांकडं न्यायची. जमलं तर तिथंच मिटवायची.”

“मी रोज बोर्डाच्या कार्यालयात फोन करत होतो,” ठोंबरे सर म्हणाले. “वाटलं, अकरांचं एकदम होऊन जाईल. तुमच्यापर्यंत यायची वेळच येणार नाही.”

“किती दिवस चाललंय हे ठरलेलं?”

“ऑक्टोबरपासून.”

म्हणजे बावन्न दिवस. ती शांत राहायला शिकलीच नव्हती. तिच्याभोवतीची सोळा माणसं गप्प राहायला शिकली होती. टिकली जे दाखवत होती ते खरं होतं. फक्त हेमलतानं त्याचा अर्थ चुकीचा लावला होता.

ठोंबरे सरांनी चौकटीचा आधार अजून सोडला नव्हता. हेमलतानं खण उघडला. टिकलीच्या डबीत एक जास्तीची टिकली येते; नोंदणी क्रमांक घातला नाही तर ती नुसता आकडा दाखवते, कुठं कळवत नाही.

“सर, हात पुढं करा.”

“मॅडम, हे काय—”

“मी विज्ञानाची बाई आहे. बघू द्या.”

दोन मिनिटांनी पडद्यावर आकडा आला. त्र्याण्णव. तिनं तीच टिकली पुसून इंगळे बाबूंना लावली. एक्क्याहत्तर. तिचा स्वतःचा, सगळं ऐकून झाल्यावरही, अडुसष्ट.

ठोंबरे सरांची पट्टी त्यांच्या स्वभावाप्रमाणं बसवलेली नव्हती, म्हणून त्र्याण्णव हा आकडा नेमका नाही हे तिला कळत होतं. तीन माणसांवरून सिद्धान्त मांडता येत नाही, हेही. पण एवढं दिसत होतं की तिच्या मनगटावरून उतरलेलं ओझं कुठं नाहीसं झालेलं नव्हतं. ते शेजारच्या खोलीत, टिकली नसलेल्या माणसाच्या अंगावर जाऊन बसलं होतं.

“शेवंताबाई,” तिनं शिपाईणबाईंना हाक मारली. “सरांना आत्ता आरोग्य केंद्रात घेऊन जा. रक्तदाब मोजून चिठ्ठी मला दाखवायची.”

“मॅडम, फॉर्म—” ठोंबरे सर म्हणाले.

“फॉर्म माझे आहेत.”

चिठ्ठीवर एकशे चौऱ्याऐंशी आणि एकशे दहा असे आकडे होते.

संध्याकाळी घरी प्रभाकरनं चहा पुढं ठेवला आणि सवयीनं तिच्या मनगटाकडं पाहिलं. तिनं प्रथमच ते पाहणं पाहिलं.

“अहो, तुम्ही पण काही लपवलंय का माझ्यापासून?”

“मी? छे.”

“खरं सांगा.”

त्यानं कप बशीत नीट ठेवला. “डाव्या डोळ्यानं धूसर दिसतं. दिवाळीच्या आधीपासून.”

“आणि तुम्ही गाडी चालवत होतात!”

“अंधार पडायच्या आत परत यायचो. तुझं सगळं छान हिरवं चाललं होतं हेमा, त्यात हे कशाला घालायचं?”

मग तिनं फोन उघडून तालुक्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांची शनिवारची वेळ घेतली. “यापुढं रंग बघून बोलायचं नाही,” ती म्हणाली. “माझ्याशी बोलायचं. भांडण झालं तरी चालेल.”

“भांडायचं का आत्ता?”

“आत्ता वेळ नाही. उद्या अकरा पोरं आहेत.”

दुसऱ्या दिवशी सकाळपासून ती बोर्डाच्या कार्यालयाशी बोलत होती. दुपारी एकला त्यांनी अकरा अर्ज पाच वाजेपर्यंत पुन्हा उघडून दिले. इंगळे बाबू वाढोण्याच्या बंद शाळेतून वह्यांची पेटी घेऊन आले तेव्हा अडीच वाजले होते. ठोंबरे सर, सुट्टी घ्या असं बजावूनही, दहा वाजल्यापासून हजर होते. तिनं त्यांना खुर्चीत बसवलं आणि एकच काम दिलं: वहीतले गुण मोठ्यानं वाचायचे.

पहिली सही झाली तीन वाजून दहा मिनिटांनी. तेव्हा तिचा आकडा चौसष्ट होता. दुसरीनंतर सदुसष्ट, तिसरीनंतर एकोणसत्तर. चौथी झाली तेव्हा त्र्याहत्तर. तिनं रफ कागदावर हिशेब मांडला. दर सहीला साधारण तीन. म्हणजे सातव्यापर्यंत ब्याऐंशी, आठव्याला सीमा. नवव्याआधीच सही बंद पडेल. मागं उरतील तीन मुलं, आणि तिचं पदही जाईल.

फोन वाजला. विभागाच्या ताण कक्षातला समुपदेशक होता, अद्वैत नावाचा, आवाजावरून पंचविशीतला.

“मॅडम, तुमचा आलेख चढतो आहे. हा तुमचा तिसरा लाल ठरेल. काम थांबवा असं मी सुचवतो.”

“पाच वाजता मुदत संपते.”

“मग तात्पुरता चार्ज पर्यवेक्षकांना द्या. नियमात बसतं. प्रभारी म्हणून त्यांची सही चालेल.”

हेमलतानं समोर पाहिलं. ठोंबरे सरांनी ऐकलं होतं. ते मान डोलावत होते.

“अद्वैत, आमचे पर्यवेक्षक काल त्र्याण्णववर होते. जास्तीची टिकली लावून मी स्वतः पाहिलं.”

पलीकडं कळफलक वाजला. “पण त्यांना अधिकृत टिकली नाही, मॅडम. त्यांच्या आकड्यासाठी माझ्याकडं रकानाच नाही.”

“म्हणजे रकाना नाही म्हणून माणसाला ताण नाही?”

“मी तसं म्हणत नाही...” तो गोंधळला. मग हळूच म्हणाला, “मी तुमचं वाक्य शेऱ्यात लिहून ठेवू का?”

“लिहा. त्र्याण्णव अक्षरात लिहा.”

फोन ठेवल्यावर ठोंबरे सर म्हणाले, “मॅडम, सातच सह्या उरल्या आहेत. करतो मी.”

“नाही.”

“अहो, पण—”

“सर, बावन्न दिवस तुम्ही माझं केलं. पुरे.”

ती पुन्हा आपल्या कागदाकडं वळली. आकडा नक्की कुठं चढत होता? तिनं गेल्या अर्ध्या तासाचा मिनिटामिनिटाचा आलेख उघडला. सही करताना तो सपाट होता. चढत होता तो सहीच्या आधी, प्रत्येक वेळी एकाच जागी: ठोंबरे सर गुण वाचत आणि ती वहीत डोकावून पुन्हा पुन्हा पाहत असे तेव्हा. वाढोण्याच्या कोणा शिक्षकाचं अक्षर गिचमिड होतं. तीन की दोन? पाच की सहा? काटेकोरपणा चौऱ्याण्णव. तिला कामाचा ताण येत नव्हता. एकटीनं खात्री करण्याचा येत होता.

“इंगळे बाबू, उरलेल्या सातही पोरांना बोलवा. प्रत्येकाला कोरा कागद द्या. वही न बघता नववीचे गुण लिहायचे. घरी प्रगतिपत्रक असेल तर फोनवर फोटो मागवा.”

“पोरांना लक्षात असतात काय जी गुण?”

“स्वतःचे? जन्मभर.”

पाचवा मुलगा आत आला. ठोंबरे सरांनी वहीतून वाचलं, “गणित, बेचाळीस.” हेमलतानं मुलाचा कागद उलटला. बेचाळीस.

“नक्की?”

“मॅडम, त्या बेचाळिसावरून बाबानं आठ दिवस टोमणे मारले. कसं विसरू?”

खोलीत सगळे हसले. आकडा त्र्याहत्तरवरच राहिला. सहाव्याला बहात्तर झाला. दोन जागी, एकमेकांना न विचारता केलेली नोंद जुळली की शंकेला उभं राहायला जागा उरत नाही. प्रयोगवहीत मुलांना ती दर वर्षी हेच शिकवत होती. आठव्या मुलीचा एक आकडा जुळला नाही. घरून फोटो मागवावा लागला, तो यायला अकरा मिनिटं लागली आणि आकडा एकोणऐंशीवर गेला. वहीतल्या तिनाला वाळवीनं दोन केलं होतं. रोशनीचा अर्ज शेवटचा होता. चार वाजून एक्केचाळीस मिनिटांनी तो स्वीकारला गेला.

“वाचलो!” इंगळे बाबूंनी पेटीवर थाप मारली. “सत्त्याहत्तर. लाल नाही. आणि उद्या एक तारीख, पाटी कोरी!”

शेवंताबाईंनी चहा आणला. आवाज ऐकून शिक्षक जमले. हेमलतानं सगळ्यांना बसायला सांगितलं आणि टेबलावरची वही उघडली.

“गेल्या बावन्न दिवसांत मला न सांगितलेलं जे काही आहे, ते आता सांगा. मी लिहून घेते.”

चहाचे कप खाली ठेवले गेले.

“उद्या, मॅडम,” ठोंबरे सर म्हणाले. “मी सांगतो ना, सगळं सांगतो. पण उद्या. एक दिवस. जुने दोन्ही लाल पुसले जाऊ देत, मग दिवसभर लाल व्हा.”

सल्ला बरोबर होता. तिनंही मनात हेच गणित केलं होतं. सहा महिन्यांसाठी ही शाळा कोणाच्या तरी हाती सोपवणं तिला नको होतं. आणि कोणाच्या हाती, ते सगळ्यांना माहीत होतं.

“ठीक आहे,” ती म्हणाली. “मग एवढंच सांगा. उद्यापर्यंत थांबू शकणार नाही असं काही आहे का?”

तिघांनी एकाच वेळी मराठी शिकवणाऱ्या पल्लवी काळमेघकडं पाहिलं. पल्लवीला नोकरी लागून दीड वर्ष झालं होतं.

“काळमेघ मॅडम?”

“तसं काही... उद्या चालेल, मॅडम.”

“पल्लवी.”

पल्लवीनं पिशवीतून एक निबंधाची वही काढली. “सातवीतली वेदिका. ‘माझी आवडती जागा’ असा विषय होता. तिनं लिहिलंय...” तिनं पान उघडलं. “‘मी दिसले नाही तरी घरी कोणी विचारत नाही. शाळेत पण नाही. एकदा खरंच नाहीशी होऊन बघणार आहे.’ मी सोमवारी वही तपासली. मंगळवारपासून ती आलेली नाही.”

“आज गुरुवार आहे.”

“मी ठोंबरे सरांना सांगितलं होतं. सर म्हणाले, फॉर्मचं एकदा होऊ दे...”

ठोंबरे सरांनी दोन्ही हातांत चेहरा धरला.

एक्क्याऐंशी. चौऱ्याऐंशी. सत्त्याऐंशी. पडद्यावर लाल पट्टी आली: स्वाक्षरी स्थगित. लगेच फोन वाजू लागला. इंगळे बाबू उठून उभे राहिले. “मॅडम, डोळे मिटा, श्वास घ्या. अजून पुसलं जाईल, आपण अर्ज करू की उपकरण बिघडलं होतं—”

“उपकरण बरोबर आहे,” हेमलता म्हणाली. “सातवीतली मुलगी तीन दिवस बेपत्ता असेल आणि मी ऐकलं, तर असंच व्हायला पाहिजे.” तिनं वही पल्लवीच्या हातून घेऊन आपल्या पिशवीत ठेवली. “घर कुठं आहे तिचं?”

“नदीपलीकडं. कुंभारपुऱ्यात.”

“चल. शेवंताबाई, तुम्हीही या, तुमच्या ओळखी आहेत तिकडं. सर, तुम्ही इथं बसून तिच्या घरच्या सगळ्या नंबरांवर फोन लावा. बसूनच.”

“मी येतो,” ठोंबरे सर म्हणाले. “ही माझी चूक आहे.”

“आपल्या सगळ्यांची आहे. वाटून घेऊ. फोन लावा.”

टेबलावरचा फोन अजून वाजत होता. इंगळे बाबू दारापर्यंत तिच्या मागं आले. “मॅडम, ताण कक्षाला काय सांगू? तुमची सही बंद झाली. आता तुम्हाला कुठलंही काम करता येत नाही.”

“सांगा, वेदिकाच्या घरी जायला सही लागत नाही,” हेमलता म्हणाली आणि जिना उतरू लागली.